करायलो

भौतिकशास्त्राच्या भांडाराला लागून एक खोली आहे.
तिची किल्ली आमच्याकडं कशी आली
हे विद्यापीठात कुणालाच नीट सांगता येत नाही.
आधीच्या तुकडीनं दिली, त्यांना त्यांच्या आधीच्यांनी,
सोबत एक पंखा, नऊ खुर्च्या, त्यातल्या सहाच धड,
आणि भिंतीवर खडूनं आखलेले तीन रकाने:
करायचंय. करायलो. झालं.

सर कुणीच नाहीत इथं, मार्कही नाहीत.
तहसीन म्हणते, म्हणूनच पोरं वेळेवर येतात.
वेळेवर म्हणजे साडेसहाला बोलावलं की सव्वासातला.
तिनं पाहिल्याशिवाय कुणाचा कोड आत जात नाही,
आणि ती एकच विचारते: "हे कामून केलास?"
कामूनला उत्तर नसलं
की मुकाट्यानं पुसायचं.

यंदाचं काम प्रज्ञाशीलनं आणलं, वसमतहून.
त्याचे वडील हळदीच्या मोंढ्यात हमाल.
पोत्यामागं पैसे, पैशांचा हिशेब वहीत,
वही मुकादमाच्या खिशात.
"फोनवर मांडू," तो म्हणाला, "ज्याचं त्याला दिसंल."
एवढंच बोलला, आणि कार्ड चिकटवलं.

नांदेडचा एप्रिल कसा असतो ते सांगत बसत नाही.
लॅपटॉपखाली स्टीलचं ताट उलटं ठेवायचो, एवढं पुरे.
व्यंकटनं दोन खाने केले: उचललं, ठेवलं.
हरलीननं बटणं पिवळी केली,
हळद म्हणून नव्हे, उन्हात दिसावीत म्हणून.
चाचण्या मी लिहिल्या. एकशे बारा.
सगळ्या हिरव्या.

रविवारी एसटीनं वसमत.
प्रज्ञाशीलच्या वडिलांनी हात पुसून फोन धरला,
तरी काचेवर पिवळा अंगठा उमटलाच.
खालीवर पाहिलं. मग म्हणाले,
"अन् खरेदीदारानं माल नाकारला,
अर्ध्या वाटंतून पोतं माघारी आणलं,
ते कुठं मांडायचं?"

व्यंकटनं माझ्याकडं पाहिलं.
मी एकशे बारा चाचण्यांकडं.
"वहीत कुठं मांडता?" तहसीननं विचारलं.
"वहीत?" ते हसले.
"वहीत ते पोतं नसतंयच, बाई.
पाठीवर असतंय."

रात्री खोलीत भांडण झालं.
व्यंकट म्हणाला, सगळं पायापासून उकरावं लागंल,
माझी पुण्याच्या कंपनीत मुलाखत हाय.
तहसीन म्हणाली, जा.
तो गेला.
अकराला परत आला, हातात भज्यांचा पुडा,
म्हणाला, मुलाखत गुरुवारी हाय.

मग तिसऱ्या खान्याच्या नावावर दीड तास.
अपूर्ण? पण त्यानं तर पुरं वाहिलं.
रद्द? त्याहून नको.
हरलीन भज्याचा कागद चुरगाळत म्हणाली,
ते जे म्हणाले तेच लिहा ना.
आता तिथं तसंच आहे: उचललं, पाठीवर, ठेवलं.

मुकादम अजून मानत नाही.
पैसे अजून वहीतूनच मिळतात.
पण पहिल्या आठवड्यात अठरा हमालांनी मिळून
'पाठीवर'मध्ये दोनशे सहा पोती मांडली,
आणि चहाच्या टपरीवर तो आकडा
कुणीतरी मोठ्यानं वाचला.
प्रज्ञाशीलनं हे फोनवर सांगितलं,
मग बराच वेळ फक्त मोंढ्याचा आवाज येत राहिला.

जूनमध्ये किल्ली द्यायची वेळ आली.
नव्यांमध्ये उदगीरचा एक पोरगा,
ओमकांत की काय नाव, बोलतो कमी.
त्याला सगळं दाखवलं: कोड कुठं आहे,
कोणती खुर्ची डावीकडं कलते,
आणि ते एक कार्ड, 'मुकादमाशी बोलणं',
दोन महिने मधल्या रकान्यात.

"हे झालं नाही?" त्यानं विचारलं.
नाही.
त्यानं रकान्याचं नाव वाचलं, पुन्हा वाचलं.
"आमच्याकडं करलालो म्हणतेत," म्हणाला,
आणि खडू उचलून, काहीच न पुसता,
खाली तेही लिहिलं.

तहसीन विचारणार होती, कामून.
तिनं खडू त्याच्याच हातात राहू दिला.